वजनावरून ड्रिपचा वेग कसा काढायचा: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

राउंडला सर बेडपाशी थांबतात, मॉनिटरकडे बघतात, "सिस्टर, नॉरॅड पॉइंट वनने चालू करा" म्हणतात आणि पुढच्या बेडकडे वळतात. नॉरॅड म्हणजे नॉरॅड्रेनालिन, बीपी वाढवणारं औषध, आणि पॉइंट वन म्हणजे किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. तुमच्यासमोर सिरिंज पंप. त्याला "पॉइंट वन" कळत नाही, त्याला तासाला किती एमएल एवढंच हवं असतं. या दोन आकड्यांमधलं गणित कॉलेजात शिकवलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं, आणि पहिल्या नाइटला नेमकं आठवत नाही.

दरवर्षी जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग झालेली नवी मुलं-मुली ससूनपासून हडपसर-वारज्याच्या वीस खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे लागतात. कुठे एका बेडला तीन-तीन सिरिंज पंप, तर कुठे अख्ख्या वॉर्डात एक पंप आणि बाकी सगळं थेंब मोजून. गणित दोन्हीकडे तेच असतं. डोस किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात, औषध कशात आणि किती पातळ करायचं हे तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल ठरवतो. आपलं काम त्या ऑर्डरचं पंपाच्या किंवा थेंबांच्या भाषेत रूपांतर करण्याचं. खाली दिलेले डोस उदाहरणापुरते आहेत. तुमच्या युनिटचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तक्ताच बरोबर.

कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी

कागदावर चार गोष्टी लिहा: ऑर्डर (एककासकट), वजन, सिरिंजमध्ये एकूण औषध किती, आणि सिरिंजमध्ये एकूण एमएल किती. यातली एक जरी माहीत नसली तरी गणित सुरू करू नका. अंदाजाने भरलेली जागा पुढे उत्तरात दिसत नाही, हीच अडचण आहे. चुकीच्या वजनावरूनही ४.५ असं छान, नेटकं उत्तर येतं.

ऑर्डरमध्ये एकक पूर्ण हवं. "डोपा ५" ही ऑर्डर नाही. "डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट" ही ऑर्डर. राउंडला सर घाईत असतात हे खरं, पण ट्रीटमेंट शीटवर लिहून घ्यायला लाजू नका. फोनवर ऑर्डर मिळाली तर ती वाचून दाखवायची: "सर, पाच मायक्रोग्रॅम, पर केजी पर मिनिट, बरोबर?" आणि लिहिताना मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहा. ग्रीक अक्षर वापरून लिहिलेलं मायक्रोचं चिन्ह घाईच्या अक्षरात मिलिग्रॅमसारखं दिसतं, आणि त्या दोघांत हजारपटीचा फरक आहे. तसंच अर्धा लिहायचा तर ०.५ लिहा, नुसतं .५ नको, कारण टिंब पुसट झालं की ५ उरतात. उलट पूर्ण पाचाला ५.० लिहू नका, त्याचे ५० वाचले जातात.

वजन: सगळ्यात जास्त थापा इथेच

भोर-वेल्ह्याकडून आणलेल्या आजोबांचं वजन विचारलं की नातू म्हणतो, "असंल पन्नास-साठ." त्या एका वाक्यात वीस टक्क्यांचा फरक आहे. ५० धरलं तर ०.१ ने नॉरॅडचे तासाला ३०० मायक्रोग्रॅम होतात, ६० धरलं तर ३६०. पेशंट उभा राहू शकत असेल तर काट्यावर उभा करा. झोपून असेल आणि बेडलाच वजनकाटा असेल तर तो वापरा. दोन्ही शक्य नसेल तर अंदाज डॉक्टरांनी बांधायचा, आणि शीटवर आकड्यापुढे "अंदाजे" असं लिहायचं. म्हणजे नंतर कुणी खरं वजन घेतलं तर सगळे पंप पुन्हा तपासायचे हे लक्षात राहतं.

लहान मूल रडत असेल, काट्यावर थांबत नसेल, तर आईला मुलासकट उभं करायचं, मग मूल आजीकडे देऊन आईला एकटीला, आणि वजाबाकी. वयावरून वजन काढायचं सूत्र आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं: १ ते ६ वर्षांपर्यंत वयाची दुप्पट अधिक ८. म्हणजे तीन वर्षांचं मूल १४ किलो. प्रत्यक्षात तेच मूल काट्यावर साडेअकरा भरू शकतं. सूत्र फक्त काटा हाताशी नसेल तेव्हासाठी आहे.

आयसीयूत आणखी एक गोम असते. पेशंटला सूज येते, सलाईन साठतं, आणि तिसऱ्या दिवशी वजन चार किलोंनी वाढलेलं दिसतं. म्हणून रोज नव्या वजनाने इनोट्रोपचं (डोपामिन, नॉरॅडसारख्या हृदयाला-बीपीला आधार देणाऱ्या औषधांचं) गणित करायचं नसतं. एकदा "डोससाठीचं वजन" ठरलं की तेच शीटवर वर लिहायचं आणि सगळ्या शिफ्टनी तेच वापरायचं. नाहीतर सकाळच्या सिस्टर ६० धरतात, रात्रीच्या ६४, आणि पंपाला हातही न लावता डोस "बदलतो". खूप लठ्ठ पेशंट असेल तर कुठल्या औषधाला खरं वजन आणि कुठल्याला उंचीवरून काढलेलं आदर्श वजन धरायचं, हे औषधागणिक बदलतं. ते स्वतः ठरवू नका, विचारा.

सिरिंजमध्ये नेमकं काय आहे

माझ्या मते या सगळ्यात खरी काळजी इथे घ्यायची. गुणाकार-भागाकार कॅल्क्युलेटर करतो, अँप्यूल मात्र आपणच वाचायची असते.

डोपामिनची अँप्यूल ५ एमएलची, त्यात २०० मिलिग्रॅम. ५० एमएलच्या सिरिंजमध्ये एक अँप्यूल घ्यायची तर सलाईन ४५ एमएल, म्हणजे एकूण ५०. आधी ५० एमएल सलाईन ओढून त्यात अँप्यूल टाकली तर एकूण ५५ होतं आणि एमएलमागे ४ मिलिग्रॅमऐवजी सुमारे ३.६ राहतात. बीपी अगदी काठावर असलेल्या पेशंटला हा फरक जाणवतो.

नॉरॅड्रेनालिनचं लेबल सावकाश वाचा. त्यावर बायटार्ट्रेट सॉल्टचं वजन आणि त्यातल्या मूळ नॉरॅड्रेनालिनचं वजन असे दोन आकडे असतात, आणि २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम मूळ औषध. २ एमएलच्या ज्या अँप्यूलवर ४ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट लिहिलंय तिच्यात मूळ औषध २ मिलिग्रॅम. तुमच्या युनिटमध्ये "४ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये" म्हणतात तेव्हा मूळ औषध धरतात की सॉल्ट, हे पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरना विचारून डायरीत लिहून ठेवा. मूळ औषध धरत असतील तर अशा दोन अँप्यूल लागतील. तिथे एकच घातली तर पेशंटला निम्मा डोस जाईल, आणि पंप मात्र बरोबर आकडा दाखवत राहील.

डोब्युटामिन २५० मिलिग्रॅमचं असतं, पण कधी ५ एमएलच्या अँप्यूलमध्ये, कधी २० एमएलच्या व्हायलमध्ये. हेपारिनची ५ एमएलची व्हायल दोन ताकदींत मिळते, एमएलला १००० युनिट आणि एमएलला ५०००. बाटलीचा आकार तोच, आतल्या औषधात पाचपट फरक. फार्मसीतून आलेली पिशवी उघडल्यावर कालच्याच कंपनीचं आलंय असं गृहीत धरू नका.

आणि इन्सुलिन. आपल्याकडे व्हायल बहुतेक वेळा एमएलला ४० युनिटची असते, तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. एमएलला १०० युनिटचंही मिळतं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. ५० एमएलमध्ये ५० युनिट करायचे तर ४० च्या व्हायलमधून १.२५ एमएल लागतं, १०० च्या व्हायलमधून ०.५ एमएल. १०० ची व्हायल आणि लाल टोपीची सिरिंज अशी जोडी जमली तर "५० युनिट" मोजून प्रत्यक्षात १२५ जातात. म्हणून इन्सुलिन भरताना व्हायल आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा जुळवायचा, मग टोचायचं.

आता गणित, सावकाश

६० किलोचा पेशंट. डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम, एकूण ५० एमएल.

पहिली पायरी, मिनिटाला किती औषध: ५ × ६० किलो = ३०० मायक्रोग्रॅम.

दुसरी, तासाला किती: ३०० × ६० मिनिटं = १८,००० मायक्रोग्रॅम.

तिसरी, एका एमएलमध्ये किती: २०० ÷ ५० = ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम.

चौथी, तासाला किती एमएल: १८,००० ÷ ४००० = ४.५.

पंपावर ४.५. सगळं मिळून एवढंच. एका ओळीत लिहायचं तर डोस × वजन × ६०, भागिले एका एमएलमधले मायक्रोग्रॅम. सुरुवातीला मात्र ही एक ओळ पाठ करू नका, चार पायऱ्याच लिहा. पाठ केलेल्या सूत्रात ६० चा आकडा दोनदा येतो, एकदा मिनिटांचा आणि एकदा (योगायोगाने) वजनाचा, आणि थकलेल्या डोक्याला एक ६० जास्तीचा वाटून खोडला जातो.

राउंडमधली ती नॉरॅड आता सुटते. वजन ५२ किलो, ०.१ × ५२ = ५.२, गुणिले ६० = ३१२ मायक्रोग्रॅम तासाला. ४ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये म्हणजे एमएलला ८० मायक्रोग्रॅम. ३१२ ÷ ८० = ३.९. त्याच पेशंटला उद्या "डबल स्ट्रेंथ" केली, म्हणजे ८ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये, तर त्याच डोसला १.९५ लागेल. सिरिंज बदलणारा एक आणि पंपाचा आकडा बदलणारा दुसरा असं कधीही होऊ देऊ नका. ज्याने डबल केलं त्यानेच, त्याच मिनिटाला, वेगही बदलायचा.

उत्तर आलं की उलटं करून बघा. ४.५ एमएल × ४००० = १८,०००, भागिले ६० मिनिटं = ३००, भागिले ६० किलो = ५. ऑर्डर परत मिळाली. हे उलटं गणित अर्ध्या मिनिटाचं आहे, आणि शिफ्ट घेताना प्रत्येक चालू पंपावर करायचं तेही हेच.

एक ठोकताळाही ठेवा. मोठ्या माणसाला ५० एमएलच्या नेहमीच्या सिरिंजवर इनोट्रोपचा सुरुवातीचा वेग बहुतेकदा तासाला १ ते १५ एमएलच्या आसपास असतो. उत्तर ४५ आलं किंवा ०.४ आलं तर थांबा. कुठेतरी शून्य सुटलंय किंवा मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करायचे राहिलेत.

मिनिट की तास, हे वाचूनच पुढे जायचं. हेपारिन आणि इन्सुलिनची ऑर्डर प्रति किलो प्रति तास असते, तिथे मिनिटांच्या ६० ने गुणायचं नाही. हेपारिन १८ युनिट प्रति किलो प्रति तास, वजन ६०: तासाला १०८० युनिट. २५,००० युनिट ५० एमएलमध्ये म्हणजे एमएलला ५००. १०८० ÷ ५०० = २.१६, पंपावर २.२. इन्सुलिन ०.१ युनिट प्रति किलो प्रति तास असेल तर ६ युनिट, आणि एमएलला एक युनिट असल्यामुळे ६ एमएल. इतकं सोपं असतं म्हणूनच ५० एमएलला ५० युनिट करतात.

३ गुणिले वजन ही युक्ती

पीडियाट्रिक आयसीयूत सीनियर सिस्टर कागदही न घेता पंप लावताना दिसतील. त्यांची युक्ती अशी: वजनाच्या तिप्पट मिलिग्रॅम औषध घ्यायचं आणि एकूण ५० एमएल करायचं. मग तासाला १ एमएल म्हणजे बरोबर १ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ११ किलोच्या मुलाला डोब्युटामिन ३३ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये. डोस ५ हवा तर पंपावर ५. नॉरॅड-अॅड्रेनालिनसाठी वजनाच्या ०.३ पट मिलिग्रॅम घेतले की १ एमएल म्हणजे ०.१.

युक्ती पक्की आहे, तासाला ६० मिनिटं आणि ५० एमएलची सिरिंज यांतूनच ती निघते. पण मला ती नवख्यांच्या हातात फारशी आवडत नाही. एक तर प्रत्येक मुलाची सिरिंज वेगळ्या ताकदीची होते. दुसरं म्हणजे ते ३३ मिलिग्रॅम काढताना अँप्यूल ५ एमएलची असेल तर ०.६६ एमएल घ्यायचं, २० एमएलची व्हायल असेल तर २.६४, आणि घोळ नेमका तिथे होतो. बऱ्याच ठिकाणी आता ठरावीक ताकदीच्याच सिरिंज भरतात. तुमच्याकडे जे चालतं ते करा, पण चार पायऱ्यांनी एकदा पडताळून.

पंप नसेल तेव्हा

आयव्ही सेटच्या पाकिटावर एमएलला किती थेंब ते छापलेलं असतं. साधा मॅक्रो सेट आपल्याकडे बहुतेक २० थेंबांचा, मायक्रो सेट ६० चा. काही सेट १५ चेही येतात, म्हणून पाकीट फाडून कचऱ्यात टाकण्याआधी बघा.

मिनिटाला थेंब = तासाचे एमएल × एमएलमागचे थेंब ÷ ६०. म्हणजे मायक्रो सेटला तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, आणि २० च्या मॅक्रोला तासाच्या एमएलचा तिसरा भाग. ५०० एमएलची बाटली आठ तासांत: तासाला ६२.५ एमएल, मॅक्रोला सुमारे २१ थेंब.

घड्याळाचा सेकंदकाटा ड्रिप चेंबरच्या रेषेत डोळ्यांसमोर धरा आणि पहिल्यांदा पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं अनुभवी लोकांना जमतं. नव्याने मोजताना एक थेंब चुकला तरी चार थेंबांची चूक होते. रोलर लावल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण नळी ताणातून सैल झाली की वेग बदलतो. पेशंटने हात दुमडला, बेड वर केला, स्टँड सरकवला, तरी बदलतो. बाटलीला उभी ल्युकोप्लास्टची पट्टी चिकटवून तिच्यावर तासांच्या खुणा करा: ९ वाजता इथे, १० वाजता इथे. थेंब मोजण्यापेक्षा ही पट्टी जास्त प्रामाणिक असते.

आणि नातेवाईक. "सिस्टर, किती हळू चाललीये, संध्याकाळपर्यंत संपणार नाही" असं म्हणत रोलर स्वतःच वर सरकवणारे काका प्रत्येक वॉर्डात भेटतात. त्यांना पहिल्यांदाच सांगून ठेवा की या चाकाला फक्त स्टाफने हात लावायचा. ज्या बाटलीत पोटॅशियम आहे तिच्यावर तर लाल अक्षरात लिहा. केसीएलच्या १० एमएलच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, आणि ती कधीच थेट शिरेत ढकलायची नसते.

पंप मिळेपर्यंत डोपामिन मायक्रो सेटवर चालवावं लागलं, तर गणित असं. २०० मिलिग्रॅम, एकूण ५०० एमएल, म्हणजे एमएलला ४०० मायक्रोग्रॅम. मघाच्याच ६० किलोच्या पेशंटला १८,००० ÷ ४०० = ४५ एमएल तासाला, मायक्रोला ४५ थेंब. नॉरॅड मात्र थेंबांवर सोडू नका. पंपासाठी आग्रह धरा.

डेंग्यूचा वॉर्ड

जुलै ते ऑक्टोबर पुण्यात हे गणित सगळ्यात जास्त कुठे लागत असेल तर डेंग्यूच्या बेडवर. प्रत्येक डेंग्यूला सलाईन लागत नाही, पण पोटदुखी, सतत उलट्या, वाढता पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) अशी धोक्याची लक्षणं असलेल्याला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सुरुवात तासाला किलोमागे ५ ते ७ एमएलने, एक-दोन तास. मग सुधारणा बघत ३ ते ५, आणि मग २ ते ३.

६० किलोच्या माणसाला ५ ने: ३०० एमएल तासाला, २० च्या मॅक्रोला १०० थेंब. ३ वर आणलं की १८० एमएल, ६० थेंब. २ वर १२० एमएल, ४० थेंब.

इथे खरं काम सुरुवातीच्या आकड्यापेक्षा तो वेळेवर कमी करण्याचं आहे. १०० थेंबांनी सुरू झालेली बाटली ओव्हरच्या (शिफ्ट सोपवण्याच्या) गडबडीत तशीच चालू राहिली, तर दुसऱ्या दिवशी छातीत पाणी आणि धाप. म्हणून ऑर्डरमध्ये "पुन्हा कधी बघायचं" ही वेळही लिहून घ्या. लघवी मोजा, किलोमागे तासाला अर्धा एमएल, म्हणजे ६० किलोला ३० एमएल, हा साधारण हिशेब. नातेवाईक दर तासाला "प्लेटलेट किती झाल्या?" विचारतील आणि कुणीतरी पपईच्या पानांचा रस डब्यात घेऊन येईल. तुमचं लक्ष पीसीव्ही, नाडी, बीपी आणि लघवीवर असू द्या. लठ्ठ पेशंटला इथे खऱ्या वजनाने सलाईन दिलं तर जास्त होतं, आदर्श वजन धरतात.

लहान मुलं

मुलांना २४ तासांत साधारण किती सलाईन लागेल, याचं हॉलिडे आणि सेगर या दोघांनी १९५७ मध्ये मांडलेलं गणित अजून वापरतात. पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० एमएल, पुढच्या १० ना ५०, त्यावरच्या प्रत्येक किलोला २०. १४ किलोच्या मुलाला १००० + २०० = १२०० एमएल, तासाला ५०. यालाच तासाच्या हिशेबात "चार-दोन-एक" म्हणतात: १० × ४ अधिक ४ × २ = ४८. ५० आणि ४८ मधल्या फरकावरून भांडू नका, डॉक्टर परिस्थिती बघून ते कमी-जास्त करतातच. बुरेट सेट (खुणा केलेलं छोटं चेंबर असलेला आयव्ही सेट) वापरा आणि चेंबरमध्ये एक-दोन तासांचंच सलाईन भरा. रोलर उघडा राहिला तरी मुलाला तेवढंच जाईल.

पॅरासिटामोलची १०० एमएलची बाटली मुलांच्या वॉर्डात खास धोक्याची आहे. तिच्यात १००० मिलिग्रॅम, म्हणजे एमएलला १०. ११ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅमने १६५ मिलिग्रॅम, म्हणजे १६.५ एमएल. मिलिग्रॅमचा आकडा एमएल म्हणून वाचला की दहापट डोस, आणि बाटली हाताशी असतेच. म्हणून बाटली थेट लावायची नाही. १६.५ एमएल सिरिंजने काढून बुरेटमध्ये घ्यायचं आणि पंधरा मिनिटांत द्यायचं. तासाचा वेग ६६ एमएल, मायक्रोला ६६ थेंब. दहा किलोच्या आतल्या बाळांचा डोस वेगळा असतो, तो दरवेळी विचारून घ्या.

लेबल, लाइन आणि ओव्हर

सिरिंजवर लेबल: पेशंटचं नाव, औषध, एकूण मिलिग्रॅम, एकूण एमएल, कशात केलंय, तारीख-वेळ, सही. मी त्याखाली आणखी एक ओळ लिहायला सांगते: "१ एमएल/तास = इतके मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट". मघाच्या डोपामिनला ती १.११ येते. रात्री तीनला सर फोनवर "सातवर न्या" म्हणाले तर ७ ÷ १.११ = ६.३, झालं.

सिरिंज किती तास पुरेल तेही आत्ताच काढा. ४.५ ने ५० एमएल अकरा तास. नॉरॅडची सिरिंज संपल्यावर नवीन भरायला घेतली तर तेवढ्या वेळात बीपी खाली येतं. म्हणून पाचेक एमएल उरलेत तोवर पुढची भरून, लेबल लावून तयार हवी. त्याच लाइनच्या थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या जोडणीतून) अँटिबायोटिक ढकलू नका, नळीतली नॉरॅड एकदम आत जाते. बीपीचा पट्टाही त्या हाताला बांधायचा नाही.

ओव्हर देताना "डोपा पाचने चालू आहे" एवढंच म्हणू नका. पाच एमएल की पाच मायक्रोग्रॅम? दोन्ही शक्य आहेत, आणि ऐकणारा त्याला सोयीचं तेच ऐकतो. असं बोला: "डोपामिन, दोनशे मिलिग्रॅम पन्नास एमएलमध्ये, वजन साठ, साडेचार एमएलने, म्हणजे पाच मायक्रोग्रॅम." घेणाऱ्याने पंप, लेबल आणि शीट तिन्ही बघून स्वतः उलटं गणित करायचं. धोक्याच्या औषधांना दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना आधी आपलं उत्तर सांगू नका. "ताई, हे जरा काढता का?" म्हणून कोरा कागद द्या. उत्तर आधी ऐकलं की माणूस मान डोलावतो.

सरावासाठी

अप्पा बळवंत चौकातून खिशात मावणारी एक डायरी आणि साधा कॅल्क्युलेटर आणा. मोबाइल हातात धरला की कुणीतरी व्हॉट्सअॅप बघताय म्हणतंच. हे चार हिशेब डायरीत स्वतः करा, मग उत्तरं बघा.

एक: वजन ७० किलो, डोब्युटामिन २५० मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये, ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट.

दोन: वजन ४८ किलो, नॉरॅड ४ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये, पंप ६ वर चालू आहे. डोस किती?

तीन: वजन ५५ किलो, डोपामिन १० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. पंप कितीवर?

चार: वजन ७५ किलो, हेपारिन १८ युनिट प्रति किलो प्रति तास, २५,००० युनिट ५०० एमएलमध्ये.

उत्तरं. पहिल्याचं ४.२ एमएल तासाला. दुसऱ्याचं सुमारे ०.१७ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. तिसऱ्याचं उत्तर काढता येत नाही. सिरिंजमध्ये किती औषध आणि किती एमएल हे मी दिलेलंच नाही. तरी तुम्ही "२०० मिलिग्रॅम ५० एमएल असणार" असं धरून ८.३ काढलं असेल, तर लेबलाचा भाग पुन्हा वाचा. चौथ्याचं २७ एमएल तासाला. २.७ आलं असेल तर तुम्ही ५०० च्या जागी ५० एमएलची सिरिंज धरलीत.